कारणाचा रकाना

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची एक लांबट खोली होती. भिंतीला लागून काचेची कपाटं, कपाटांत बरण्या, बरण्यांत औषधी पाण्यात बुडवलेले प्राणी, आणि एकाही बरणीवर नावाची चिठ्ठी नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, चिठ्ठ्या झुरळांनी खाल्ल्या असतील. मागाहून कळलं की त्या सरांनी स्वतः काढल्या होत्या. एक अख्खी उन्हाळ्याची सुट्टी हा माणूस कोमट पाण्याचं पातेलं घेऊन त्या खोलीत बसला होता आणि एकेक चिठ्ठी भिजवून सोलून काढत होता. अमरावतीच्या मे महिन्यात माणसं उंबऱ्याबाहेर पाय टाकायला धजत नाहीत. सर काळा कोट घालून चिठ्ठ्या सोलत होते.

"चिठ्ठी वाचता आली का प्राणी दिसनं बंद होते," असं त्यांचं म्हणणं.

प्राचार्यांना हे काही पटलं नाही. तपासणीची मंडळी येणार होती, त्यांना काय दाखवायचं? चिठ्ठ्या परत लावा, असा लेखी हुकूम निघाला. सरांनी तो तंतोतंत पाळला. दुसऱ्या दिवशी प्रत्येक बरणीला चिठ्ठी होती, पण बुडाला. नाव वाचायचं तर बरणी दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर धरावी लागे. प्राचार्यांनी खातरजमा करायला एक उचलली, जरा तिरकी केली, आणि तिचं झाकण नेमकं सैल होतं. प्राचार्य त्या दिवशी टांग्यानं घरी गेले तेव्हा टांगेवाल्यानंसुद्धा नाकाला रुमाल लावला होता म्हणतात. चिठ्ठ्यांचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही.

आम्ही त्यांना 'कावून सर' म्हणत असू. आमच्या वऱ्हाडात 'का' असं कुणी विचारत नाही, 'कावून' विचारतात. तरी कॉलेजातले बाकीचे प्राध्यापक निदान वर्गात तरी पुस्तकी मराठी बोलायला धडपडत. एकजण तर इतके शुद्ध बोलत की त्यांना काय म्हणायचंय ते कळायला शब्दकोश लागे. सर अकोटचे होते आणि अकोटची बोली त्यांनी कधी उतरवून ठेवली नाही. हातात इंग्रजी पुस्तक, तोंडी वऱ्हाडी. समोर बरणी ठेवायचे आणि सुरू.

"हे काय हाये?"

"गोम, सर."

"कावून?"

पोरगा भातकुलीकडचा, शेतकऱ्याघरचा. गोम काही तो जन्मात पहिल्यांदा पाहत नव्हता. तो म्हणाला, "सर, आमच्या घरी सारे गोमच म्हन्ते."

"कोन म्हन्ते?"

"माय म्हन्ते."

"मंग मायले पास करतो. तू सांग, कावून?"

पोरगा बरणी घेऊन खिडकीच्या उजेडात गेला. अर्ध्या तासानं परत आला. अंग तुकड्यातुकड्यांचं, पायांना सांधे, वरून कडक कवच, म्हणून हा आर्थ्रोपोडा संघातला. आणि दर तुकड्याला पायांची एकच जोडी, म्हणून गोम. सर एवढे खूष झाले की त्यांनी त्याच्या पाठीत थाप घातली आणि बरणी हातातून पडता पडता वाचली. त्यांच्या हिशेबात नावाला किंमत नव्हती. वहीत तीन रकाने आखायला लावत: वस्तू, संघ, कारण. कारण बरोबर आणि नाव चुकलं तर ते अर्ध्याच्या वर मार्क देत. नाव बरोबर आणि कारणाचा रकाना रिकामा, तर भोपळा. विद्यापीठाच्या परीक्षेत याच्या नेमकं उलट चालायचं, त्यामुळे आमच्या कॉलेजचे निकाल काही फार चमकदार लागत नसत. याचं त्यांना काडीचं वाईट वाटत नसे.

त्यांच्या कोटाच्या एका खिशात खडू आणि दुसऱ्यात काडेपेट्या. विडी ते ओढत नसत. काडेपेटीत काय असेल ते त्या दिवसाच्या नशिबावर. एकदा कुणाच्या तरी लग्नात नवरदेवाच्या मामांनी "मास्तर, जरा पेटी द्या" म्हणून हात पुढे केला आणि सरांनी, बोलण्याच्या नादात, दिली. मामांनी विडी ओठांत धरून पेटी उघडली. आतून चांगला अंगठ्याएवढा काळा भुंगा निघाला आणि थेट मुंडावळ्यांत शिरला. मंगलाष्टकं थांबली. भटजींनी अंतरपाट सोडला. सर मात्र खुर्चीवर चढून ओरडत होते, "मारू नका, मारू नका, त्याचे मांगचे पाय मोजायचे रायले!"

नागपूरहून प्रात्यक्षिक परीक्षेला एक परीक्षक आले होते, सुटाबुटातले. दारात सर उभे, कोपराला फाटलेला कोट, हाताला बेडकाचा वास. परीक्षकांनी त्यांना पाणी आणायला सांगितलं. सरांनी पाणी आणून दिलं. परीक्षक पाणी प्याले, पेला परत दिला आणि विचारलं, "तुमचे प्रोफेसर कुठं आहेत?" सर म्हणाले, "पेला ठिवून येतो अन् भेटतो." आम्ही सगळ्यांनी हसू दाबायला वह्या तोंडाला लावल्या. सरांना त्यात हसण्यासारखं काय हे शेवटपर्यंत कळलं नाही.

अशा माणसाला पोरं डिवचणारच. एकानं भर वर्गात विचारलं, "सर, आपले प्रिन्सिपल कोन्त्या गटात बसतीन? कणा असलेल्या का बिनकण्याच्या?" सगळा वर्ग टपून बसला होता. सरांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "वरून दिसत नाही. उघडून पाह्याशिवाय मी सांगत नसतो." माणसांचे गट पाडायला मात्र ते कधीच तयार नसत. माणूस ही एकच जात, तिच्याखाली आपण रेघ मारली आहे, असं म्हणत आणि फळ्यावर खरोखरच रेघ मारत. रेघ मारताना दर वर्षी त्यांचा खडू मोडायचा.

त्यांचा पहिला तास मी मरेपर्यंत विसरणार नाही. सर आले, टेबलावर पिशवी उपडी केली. कुलूप, शर्टाची गुंडी, सुपारी, फणी, पळी, मोडका चष्मा, लसूण, पेन्सिल, निरांजनाची वात, खिळा. म्हणाले, "याचे गट पाडा." कुणी लोखंडाचं आणि लाकडाचं वेगळं केलं, कुणी महाग आणि स्वस्त, कुणी गोल आणि लांब. वर्गात आम्ही दोनच मुली. माझी पाळी आली तेव्हा माझे हात आपोआप चालले: पळी आणि वात एकीकडे, लसूण अगदी दूर, बाकीचं मध्ये. मी अकोल्याच्या एका भिक्षुकाची मुलगी. आमच्या घरात वस्तूंचे गट पडूनच होते, मला नव्यानं पाडावे लागले नाहीत.

"कावून?" सरांनी विचारलं.

"पळी, वात देवाची. लसूण घरात चालत नाही. बाकीचं शिवलं तर हात धुवायचे," मी म्हटलं.

पोरं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी खिशातून वही काढून माझे तीन गट लिहून घेतले आणि म्हणाले, "कसोटी काय हाये ते इनं सांगितलं, तुमी कोनी सांगितलं नाही. गट आपन पाडतो रे पोरंहो. निसर्गानं काही रेघा मारून ठिवल्या नाहीत. म्हून आपली कसोटी काय ते सांगा, अन् ती सगळ्याइले सारखी लावा." शाळेत कुणी मला असं गंभीरपणे घेतलं नव्हतं. त्या दिवशी मी या विषयाच्या प्रेमात पडले, आणि थोडीशी या माणसाच्याही. ते पन्नाशीचे होते आणि दिसायला यथातथाच होते, तेव्हा त्यात वावगं काही नव्हतं.

बेडूक कापायचा दिवस आला तेव्हा मी रात्रभर रडून आले होते. सरांनी टेबलापाशी उभं राहून सांगितलं, एकाला एकच बेडूक मिळेल. कुणाची नस कापली गेली, कुणाचं हृदय फाटलं, तरी दुसरा मिळणार नाही. "एक जीव घेतला ना? मंग त्याचं सारं पाहा. काही वाया घालवू नका." पाहून झालं की सगळे बेडूक कॉलेजमागच्या कडुनिंबाखाली पुरायचे. खड्डा सर स्वतः खणायचे, शिपायाला हात लावू देत नसत. आजवर मी पुष्कळ सोवळी माणसं पाहिली, पण जिवाबद्दल एवढं सोवळं पाळणारा दुसरा पाहिला नाही.

सर पुढे मोठे वगैरे कुणी झाले नाहीत. त्यांनी पुस्तक लिहिलं नाही, विभागप्रमुखही त्यांना डावलून दुसराच झाला. निवृत्त होऊन ते अकोटला गेले आणि जिनिंगच्या आवारात सरकीतल्या किड्यांच्या मागे फिरत असत, असं ऐकलं. गेल्याचंही चार महिन्यांनी कळलं. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं ते ज्यांच्या जिवावर, त्यांना मी शेवटचं भेटले नाही. याचं मला आजही वाईट वाटतं, आणि त्याला काही इलाज नाही. मला ते आठवतात ते आमच्या अकोल्याच्या ओसरीवर, पायरीला चपला काढून, चटईवर अवघडून बसलेले.

त्याचं असं झालं. दिवाळीच्या सुट्टीत सरांनी एक काम दिलं: आपापल्या घरात किती संघांचे प्राणी, किंवा प्राण्यांपासून आलेल्या वस्तू सापडतात, त्यांची यादी करा. तेच तीन रकाने. इतर पोरांनी ढेकूण, पाल, उंदीर लिहून हात झटकले. मला सरांची शाबासकी हवी होती. मी घरभर हिंडले आणि माझ्या लक्षात आलं की आमच्या घरात सगळ्यांत जास्त संघ एकाच ठिकाणी आहेत. देवघरात.

मग काय, मी सरसावलेच. शंख: संघ मोलस्का, गोगलगायीचा समुद्रातला भाऊबंद, कारण, मऊ अंगाच्या प्राण्यानं स्वतःभोवती बांधलेलं कवच. पोवळ्यांची माळ: संघ सीलेंटेराटा, कारण, लाखो बारक्या प्राण्यांचे सांगाडे. बाबांचा सोवळ्याचा मुकटा: आर्थ्रोपोडा, कारण, रेशीम किड्याच्या कोशाचं असतं आणि कोश किड्यासकट उकळतात. चवरी, मृगाजिन, मोरपीस, मध, सगळं ओळीनं. तुळशीच्या कुंडीतलं गांडूळ. धाकट्या भावाच्या पोटातले जंत. कारण, औषध दिल्यावर दिसले. तीर्थाच्या पंचपात्रीपुढे मी लिहिलं होतं, 'प्रोटोझोआ असण्याची शक्यता, सूक्ष्मदर्शक नसल्याने खात्री नाही.' आणि शेवटी, पान भरायला, एका ओळीत: 'वर्ग सस्तन: बाबा, आई, मी, भाऊ, मांजर.'

वही बाबांच्या हाती लागली.

बाबा तापट नव्हते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मिटली, आणि म्हणाले, "आता पुरे झालं शिक्षण." माझं बेडूक कापणं त्यांना ठाऊक होतं. आईनं त्यावर तोडगा काढला होता: सुट्टीला घरी आले की दारातूनच न्हाणीघरात, डोक्यावरून पाणी, मग आत. पण वहीवर तोडगा निघेना. दिवाळी सरली, कॉलेज उघडलं, अमरावतीला आत्याकडे ठेवलेली माझी वळकटी तिथेच राहिली. आईनं सुचवलेल्या स्थळांची नावं घरात कानावर पडायला लागली. मी स्वयंपाकघरात गहू निवडत बसले होते आणि मनात म्हणत होते, संपलं.

आठ दिवसांनी सरांचं कार्ड आलं. पत्ता, खाली सही, आणि मजकुरात एकच शब्द: 'कावून?'

बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "हे काय लिहिणं झालं?" म्हणाले आणि उत्तर दिलं नाही. पुढच्या आठवड्यात दुसरं कार्ड. 'कारण कळलं नाही. रविवारी येतो.'

रविवारी सर खरंच आले, एस.टी.नं, कोटावर लाल धूळ घेऊन. बाबांनी ओसरीवर चटई टाकली. इकडचं तिकडचं झालं, कपाशीचं झालं, आणि मग बाबांनी तो प्रश्न विचारला जो आमच्याकडे प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत विचारला जाई. "आपण कोणापैकी?"

"सस्तन प्राण्यांपैकी," सर म्हणाले. थट्टा नव्हती त्यांच्या चेहऱ्यावर. त्यांना तो प्रश्न प्राणिशास्त्राचाच वाटला होता.

बाबांनी आत चहा सांगितला. चहा बाहेरच्या कोनाड्यातल्या कपातून आला. ज्यांचं काय ते कळत नाही त्यांच्यासाठी ठेवलेला तो कप होता. सर चहा प्याले, मुकाट्यानं उठून विहिरीवर गेले आणि कप विसळून पालथा घालून आले. कुणी सांगावं लागलं नाही, म्हणजे त्यांना सवय असावी. दाराआडून ते पाहताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गुरुजी," ते बसता बसता म्हणाले, "पोरीले कावून थांबवलं?"

बाबा आत गेले आणि वही घेऊन आले. दुसऱ्या हातात शंख होता. त्यांनी तो सरांपुढे चटईवर ठेवला. "चाळीस वर्षं मी यानं देवाला पाणी घातलं. यात जीव होता हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आता पूजेला बसलो की हिची यादी डोळ्यांसमोर येते. मुकटा नेसताना कोश उकळतात ते आठवतं. हा तुम्ही तुमच्या कपाटात घेऊन जा. माझ्याच्यानं आता याला हात लावणं होत नाही."

मला वाटलं होतं, बाबा रागावले आहेत. ते रागावले नव्हते. माझ्या यादीनं त्यांची पूजा मोडली होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

सरांनी शंख उचलून पाहिला, बोटांनी त्याचे पीळ मोजले, सवयच ती, आणि परत ठेवला. "गुरुजी, आमच्या कपाटात असे बारा हायेत. एकाले बी कोनी रोज आंघोळ घालत नाही. याले इथंच राहू द्या, त्याचं बरं चाललं हाये." मग म्हणाले, "जीव घेतल्यावर मले बी झोप येत नाही. म्हून मी पोराइले सांगतो, घेतला तं पुरा पाहा, वाया घालवू नका. तुमी चाळीस वर्सं वाया घालवला का?"

बाबांनी 'नाही' अशी मान हलवली. मग ते जरा सावरून, शास्त्रार्थाला बसल्यासारखे बसले. "अहो, पण प्राण्यांचे गट तर आमच्याकडे पूर्वीच करून ठेवले आहेत. जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज. गर्भातून आलेले, अंड्यातून आलेले, घामातून झालेले आणि जमीन फोडून आलेले. चार. तुमचे ते इतके कशाला?"

सरांचा चेहरा असा खुलला की जणू अकोल्याला याचसाठी आले होते. खिशातून त्यांची वही निघाली. "कसोटी जन्माची. झकास! वटवाघूळ कुठं बसवता?"

"जारज. पिलं घालतं, पाजतं."

"वा! माझी बी.एस्सी.ची पोरं पक्ष्यात लिवून येतात. अन् ऊ?"

"ऊ स्वेदज. घामातून होते."

सर पेन्सिल धरून थांबले. तेवढ्यात दाराआडून आईचा आवाज आला. पाहुण्यासमोर ती कधी बोलत नसे, पण हे तिला सोसलं नसावं. "घामातून कशाची होते! लिखा म्हणजे उवांची अंडीच ना? बारा वर्षं पोरीचं डोकं पाहून राहिली मी. नखावर फोडली की टचकन वाजते."

बाबांचा एक अख्खा गट आईनं फणीनं काढून टाकला होता.

"ज्यानं लिवलं त्याच्या हाती कोनी फनी दिली नसन," सर हळूच म्हणाले, आणि मग मी जन्मात दोन-तीनदाच पाहिलं ते झालं: बाबा हसले. हसता हसता त्यांनी माझी वही सरांकडे सरकवली. "तपासा तर खरं, किती मार्क पडतात."

सरांनी लाल पेन्सिल काढली. मला हाक मारून समोर बसवलं. एकेक ओळ तपासू लागले. शंख बरोबर, पोवळं बरोबर, जंतांना शाबासकी. पंचपात्रीपाशी म्हणाले, "खात्री नाही असं लिवलं, हे चांगलं केलं." शेवटच्या ओळीवर पेन्सिल थांबली.

"वर्ग सस्तन, बाबा. कारनाचा रकाना रिकामा हाये."

"ते तर उघडच आहे, सर."

"उघड काहीच नसते. मार्क कापतो. लिव, अंगावर केस, अन् आईच्या दुधावर वाढले. लिव, मी थांबतो."

मी टाक घेतला. 'अंगावर केस' लिहिलं. 'आईच्या' असा शब्द लिहिला आणि बाबा म्हणाले, "थांब. खोटं लिहू नकोस."

माझा हात तसाच राहिला. बाबा संकल्पात तिथीसुद्धा चुकू न देणारे गृहस्थ. ते माझ्याकडे पाहत नव्हते, सरांकडेही नाही. अंगणातल्या विहिरीकडे पाहून बोलत होते.

"आई माझ्या बारशाआधीच गेली. मागच्या गल्लीत पिंजाऱ्याचं घर होतं, मुसलमान. त्याच्या बायकोचं तान्हं माझ्याच वयाचं. आजी रोज अंधारून आलं की मला पदराखाली झाकून मागच्या दारानं न्यायची. वर्षभर. माझी मुंज झाली, लग्न झालं, मी गावाची लग्नं लावायला लागलो, तरी बोलली नाही. शेवटच्या दुखण्यात सांगितलं आणि वर म्हणाली, कुणाला सांगू नकोस. त्या बाईचं नावसुद्धा मी कधी विचारलं नाही."

दाराआड आईच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता. म्हणजे तिलाही हे आजच कळत होतं. मी वहीकडे पाहत राहिले. 'आईच्या' या शब्दावरची शाई अजून ओली होती.

सरांनी वही स्वतःकडे ओढली. माझा शब्द खोडला नाही. त्याच्यापुढे त्यांनी आपल्या हातानं 'दुधावर वाढले' असं लिहून वाक्य पुरं केलं आणि लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण केली.

"गुरुजी," ते म्हणाले, "आमच्या शास्त्रात दूध कोनाचं ते इचारत नाहीत. पाजलं का, एवढंच इचारतात."

बाबांनी ती खूण वाकून पाहिली. मग त्यांनी शंख उचलला, उपरण्यानं पुसला, आणि उठून दाराशी जाऊन आत सांगितलं, "हिची ट्रंक भर. उद्या पहिल्या गाडीनं जाते ती. आणि आता पानं घे. मास्तरांचा पाट माझ्या शेजारी मांड."